‘कोणामार्फत’ नावाचा रिकामा रकाना

नोकरी गेली त्या संध्याकाळी मी एक्सेल उघडून एक तक्ता आखला. सतरा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, उत्तर, शेरा असे सहा रकाने. फाइलला नाव दिलं ‘शोध’. पन्नास ओळी भरायच्या आत काम होईल असा अंदाज होता. शेवटची ओळ 263 वी निघाली आणि तोवर एकवीस महिने उलटले होते. प्लॅनरचा अंदाज इतका चुकला की कारखान्यात त्याची चौकशी लागते.

नोकरी कशी गेली यात सांगण्यासारखं फार नाही. पॅकेजिंगचं युनिट होतं. मोठ्या ग्राहकानं ऑर्डर दुसरीकडे वळवली, मालकांनी युनिट बंद केलं. हिशेब मिळाला, अनुभवपत्र मिळालं, सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. त्या फोटोत मी चक्क हसतोय. महिनाअखेरचं डिस्पॅच आता माझ्या मानगुटीवर नाही, याचं हसू असावं ते.

सातव्या आठवड्यात एक नोकरी चालून आली होती. कंपनी लहान, पगार आधीपेक्षा जरा कमी, काम तेच. मी नाही म्हणालो. शेऱ्यात लिहिलं, ‘पगार कमी. घाई नको.’ हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच, पण त्या वेळी त्याला मी स्वतःची किंमत ओळखणं म्हणत होतो. पुढे तक्ता उघडला की सगळ्यात आधी नजर त्याच ओळीवर जायची. एकदा ती ओळ लपवूनही ठेवली. एक्सेलमध्ये तेवढी सोय असते.

तिसऱ्या महिन्यापासून मी झपाटल्यासारखा अर्ज करायला लागलो. सकाळी लॅपटॉप उघडायचा, नोकऱ्यांच्या पोर्टलवर जायचं, जिथे ‘प्लॅनिंग’ शब्द दिसेल तिथे सीव्ही टाकायचा. आठवड्याला पाच-सहा अर्ज झाले की काम केल्याचं समाधान मिळायचं. उत्तर मात्र येत नव्हतं. नकार आला असता तरी चाललं असतं, नकाराला निदान हाताशी धरून काही विचार करता येतो. इथे ‘उत्तर’ हा रकाना वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र.

चार महिने मी हे असंच चालू दिलं, याची आज लाज वाटते. मशीनमधून सलग शंभर नग खराब निघाले असते तर मी दहाव्यालाच मशीन बंद करून सेटिंग बघितलं असतं. स्वतःच्या सीव्हीला तो न्याय मी लावला नाही. शेवटी माझ्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या एका मुलीनं, ती आता भरती विभागात आहे, मला सांगितलं, ‘सर, तुमचा सीव्ही एकदा सगळा कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा.’ बघितला. मी मोठ्या हौसेनं दोन कॉलममध्ये, डावीकडे निळी पट्टी देऊन, कौशल्यांचा तक्ता टाकून तो सजवला होता. नोटपॅडमध्ये त्याची खिचडी झाली होती. कंपनीच्या नावापुढे माझं शिक्षण, तारखा भलत्याच ठिकाणी, फोन नंबर गायब. सीव्ही वाचणारी सॉफ्टवेअरं सगळीच इतकी आंधळी नसतात, पण जी असतात त्यांना मी चार महिने हेच वाचायला दिलं होतं.

दुसरी भानगड पदनामाची. आमच्या कंपनीत माझ्या पदाला ‘ऑपरेशन्स कोऑर्डिनेटर’ म्हणत. बाहेर त्याच कामाला ‘प्रॉडक्शन प्लॅनर’ किंवा ‘पीपीसी’, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल, म्हणतात. शोधणारा ‘प्लॅनर’ टाइप करणार आणि मी ‘कोऑर्डिनेटर’ या पाटीमागे बसलेलो. कंपनीनं दिलेलं पदनाम तसंच ठेवून पुढे ‘काम: प्रॉडक्शन प्लॅनिंग’ एवढं जोडलं, सीव्ही एका कॉलममध्ये साध्या अक्षरांत उतरवला, आणि तीन आठवड्यांत पहिला फोन आला. तेव्हा सातवा महिना संपत होता.

आणि नेमकी तिथेच दुसरी भिंत आली.

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर ही सल्लागार कंपनी यांनी 2021 मध्ये एक अहवाल काढला. त्यासाठी त्यांनी ज्या कंपन्यांना विचारलं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या कंपन्यांची चाळणी अशी होती की नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड दिसला की अर्ज बाजूला. माणूस कोण, काम काय केलं, खंड का पडला, हे कुणी वाचण्याआधीच. मला हे आधी माहीत असतं तर? काही नाही, मी पहिले सहा महिने अधिक घाबरून काढले असते, इतकंच. पण नंतर कळलं तेव्हा एक बरं झालं, त्या पांढऱ्या रकान्यातला काही भाग माझ्या लायकीबद्दल नव्हता हे समजलं. अमेरिकेत तीन अर्थतज्ज्ञांनी हजारो बनावट सीव्ही खऱ्या जाहिरातींना पाठवून केलेला प्रयोगही मी याच सुमारास वाचला, तो 2013 मध्ये छापून आला. बेकारीचे महिने वाढतील तशी बोलावणी कमी होत जातात आणि ही घसरण पहिल्या आठ महिन्यांत सगळ्यात तीव्र असते, असं त्यांना दिसलं. मी वाचलं तेव्हा माझा आठवा महिना चालू होता. रात्री दोनला असलं काही वाचू नये.

फोन आले, मुलाखती झाल्या, आणि प्रत्येक मुलाखतीत तो प्रश्न आला, ‘मग या काळात काय केलंत?’

पहिल्यांदा मी सात-आठ मिनिटं बोललो. युनिट कसं बंद पडलं, ग्राहकानं ऐनवेळी कसा दगा दिला, मी मालकांना वर्षभर आधीच कसं सांगत होतो. बोलताना माझा आवाज चढत गेला ते मला ऐकू येत होतं, थांबता मात्र येत नव्हतं. समोरची बाई आधी लिहून घेत होती, मग तिनं पेन खाली ठेवलं. घरी येताना मला कळलं की मी मुलाखत दिलेली नाही, साक्ष दिली आहे.

दुसऱ्यांदा मी खोटं बोललो. कुणीतरी सल्ला दिला होता, ‘कन्सल्टिंग करत होतो असं सांग, सगळेच सांगतात.’ मी सीव्हीत तशी ओळ घातली. समोर बसलेला माणूस सभ्य होता. त्यानं शांतपणे विचारलं, ‘छान. कोणत्या प्रकारच्या प्लांटसाठी? तिथल्या कुणाशी आम्हाला बोलता येईल का?’ मी म्हणालो, गोपनीयतेचा करार आहे. तो म्हणाला, ‘बरोबर आहे,’ आणि पुढचा प्रश्न न विचारता मला पाणी हवं का ते विचारलं. ते पाणी मी प्यायलो. त्या दिवशी तक्त्यात शेरा लिहिला नाही. ती ओळ सीव्हीतून घरी पोचायच्या आधी, वाटेतच फोनवरून काढून टाकली.

तिसऱ्या पद्धतीला यायला अजून पाच महिने आणि तीन मुलाखती लागल्या. ती अशी: ‘युनिट बंद झालं, त्यात माझीही नोकरी गेली. सुरुवातीला मी एक नोकरी नाकारली, ती चूक होती. तेव्हापासून शोधतोय, मध्ये नवीन सिस्टीम शिकलो. ती दाखवू का?’ वीस सेकंद. शेवटी प्रश्न ठेवायचा, म्हणजे समोरच्याला पुढे कुठे जायचं ते कळतं. आश्चर्य म्हणजे नाकारलेल्या नोकरीची कबुली देताच समोरचे सैलावायचे. कशामुळे ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा ज्या गोष्टीसाठी ते खोदणार होते ती मीच टेबलावर ठेवल्यामुळे.

मुलाखतीतला राग कसा गेला याचीही एक गंमत आहे. 1994 सालच्या एका प्रयोगाबद्दल मी वाचलं होतं. नोकरी गेलेल्या अभियंत्यांपैकी काहींना पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या, आणि त्यांनी काही जास्त फोन किंवा जास्त अर्ज केलेले नव्हते. मला हे थोतांड वाटलं. पण वेळ तर भरपूर होता. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून बसलो. पहिले दोन दिवस मालकांना शिव्या. तिसऱ्या दिवशी ग्राहकाला. चौथ्या दिवशी शिव्या संपल्या आणि लक्षात आलं की मला कंपनीची आठवण येते, शिफ्ट बदलतानाच्या भोंग्याची येते. पाचव्या दिवशी जेमतेम अर्धं पान झालं. नोकरी काही त्यानं लागली नाही, पण पुढच्या मुलाखतीत आवाज चढला नाही हे खरं.

आता घराबद्दल. हे लिहायचं टाळत होतो.

बायकोची नोकरी चालू होती, म्हणून आम्ही तरलो. ती कधी काही बोलली नाही. तिचं न बोलणंच मला ऐकू यायचं. तिनं एकदा सहज विचारलं, ‘आज काही आलं का?’ मी म्हणालो, ‘आलं की सांगेन.’ त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं आणि मग ती विचारत का नाही, याचा मला राग यायला लागला. घरचं जे काम येईल ते माझ्यावर. त्यात गैर काही नव्हतं, मी घरी होतो. गैर हे होतं की साऱ्या गोतावळ्यानं माझा वेळ वाटून घेतला. ‘तू घरीच आहेस ना, जरा...’ या वाक्यापुढे काहीही यायचं. कुणाला स्टेशनवरून आणायचं, कुणाच्या नळाचं काम करून घ्यायला दिवसभर थांबायचं, कुणाचा अर्ज ऑनलाइन भरून द्यायचा. एका काकांनी हसत हसत ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ऐकवलं. मीही हसलो. त्या दिवशी त्यांचाच फॉर्म भरत होतो मी. नोकरी शोधणं हे काम आहे, त्याला सलग तास लागतात, ऐन मुलाखतीच्या आदल्या दिवशी नळवाल्याची वाट बघत बसता येत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

आणि इतका वेळ असून त्या वेळात मी काय केलं? पूर्वी रविवार मिळाला की पुस्तक संपवायचो. आता कपाटात न वाचलेली पुस्तकं होती, समोर अख्खा दिवस होता, आणि मी एकाच पानावर तासभर असायचो. मनगटावरचं घड्याळ कधी काढून ठेवलं तेही आठवत नाही. एका रात्री हेच फोनवर शोधता शोधता मारिएंथालपाशी पोचलो.

व्हिएन्नाजवळचं हे छोटं गाव. तिथली कापड गिरणी 1929-30 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी यहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे संशोधक तिथे गेले, लोकांत मिसळून काम केलं आणि 1933 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वाटलं होतं, वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, राजकारणात उतरतील. झालं उलटं. गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावर लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत चालत होते. बायकांना घरचं काम होतंच, त्या भराभर चालत होत्या. शंभर पुरुषांतल्या अठ्ठ्याऐंशी जणांच्या अंगावर घड्याळ नव्हतं.

मी उठून ड्रॉवर उघडला. घड्याळ बंद पडलं होतं. सेल गेलेला.

याच यहोडाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी काही देत असते: दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, आपल्यापेक्षा मोठ्या कशाततरी वाटा, समाजात एक जागा आणि हातांना नेमानं चाळा. पगाराची भरपाई बायकोनं केली होती. बाकीच्या पाचांची करणारं कुणी नव्हतं आणि ती करायची असते हेच मला माहीत नव्हतं. घड्याळात सेल घातला. सकाळी नऊ ते साडेबारा मी घरी नाही असं सगळ्यांना सांगितलं आणि खरोखरच लॅपटॉप घेऊन सार्वजनिक वाचनालयात जायला लागलो. तिथे माझ्यासारखे आणखी दोघे होते. वर्षभर आम्ही एकमेकांना मान डोलावून नमस्कार केला, कुणीही कुणाला काय करता म्हणून विचारलं नाही. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुसंस्कृत ओळख.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम शोधणारा तो दीर्घकालीन बेकार. म्हणजे बारा महिने भरले आणि मी आकडेवारीतही वरच्या वर्गात गेलो. त्यानंतर आमच्या घरी दुष्काळातला तो तेरावा महिना आला. बचतीचा तळ दिसायला लागला होता, आणि त्याच महिन्यात एका चांगल्या कंपनीनं मला जवळजवळ घेतलं. सगळ्या फेऱ्या पार पडल्या, पगार ठरला, फक्त पूर्वीच्या नोकरीची पडताळणी बाकी होती. पडताळणी करणाऱ्या संस्थेनं माझ्या जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल केला, तो परत आला. फोन केला, तर नंबर अस्तित्वात नाही. अनुभवपत्रावरचा पत्ता शोधला, तिथे दुसऱ्याच कुणाचं गोदाम. कंपनी बंद झाली म्हणून तर मी शोधत होतो, आणि कंपनी बंद आहे म्हणून माझी सतरा वर्षं सिद्ध होत नव्हती! मी पगाराच्या जुन्या पावत्या, बँकेची विवरणं, करकपातीची प्रमाणपत्रं जमवून तीन आठवड्यांत फाइल उभी केली. तोवर त्यांनी दुसरा माणूस घेतला होता. कुणाची कंपनी बंद पडायच्या वाटेवर असेल तर त्यानं निदान हे एक करावं, साहेबांचा खासगी नंबर आणि खासगी ईमेल मागून ठेवावा आणि पावत्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात. ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये काही ठेवू नये. दिवे बंद होतात त्या दिवशी तोही बंद होतो.

सिस्टीमचंही तसंच. कारखान्याचं नियोजन ज्यावर चालतं त्या सॅप सॉफ्टवेअरच्या ईसीसी या जुन्या आवृत्तीवर मी वाढलो. आता जाहिरातींत एस/4हाना ही नवी आवृत्ती मागत. ते 2015 पासून बाजारात आहे, पण आमच्या युनिटला त्याची ऐपत नव्हती. नव्या पडद्यांपेक्षा मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती, सतरा वर्षांच्या अनुभवानंतर विद्यार्थ्याच्या बाकावर बसायची. वाचनालयातल्या त्या साडेतीन तासांतला एक तास त्याला दिला. तीन महिन्यांत मुलाखतीत ‘दाखवू का?’ म्हणण्याइतकं आलं.

दरम्यान मी खालच्या पदांनाही अर्ज करून बघितले. तिथे उलटा त्रास. ‘तुम्ही इथे रमणार नाही’, ‘तुमच्या अनुभवाला न्याय देता येणार नाही’. नाकापेक्षा मोती जड, याच्या इतक्या सभ्य आवृत्त्या असू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मिळेल ते काम मध्ये घ्यावं की योग्य कामाची वाट बघावी, यावर मला दर दहा माणसांनी दहा मतं दिली, म्हणून पुन्हा अभ्यास शोधले. 2016 मध्ये छापलेला एक प्रयोग हाती लागला. त्यात पदवीधर बायकांच्या नावे सीव्ही पाठवले होते, आणि बेकारीचा काळ किती यानं बोलावण्यांत काही फरक पडला नाही असं निघालं, मात्र मधल्या काळात हलकं काम केल्याचं दिसलं तर बोलावणी घटली. म्हणजे 2013 चं एक सांगणं आणि 2016 चं दुसरंच. मी अभ्यास वाचणं तिथे थांबवलं. पैसे संपत आले असतील तर मिळेल ते काम घ्यावं, कारण सीव्हीपेक्षा घर मोठं. मला मिळालं नाही म्हणून घेतलं नाही, त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं.

सतराव्या महिन्यात, एका कंटाळवाण्या दुपारी, मी तक्त्याची पिव्होट केली, म्हणजे ओळींची गटवार बेरीज मांडली. सतरा वर्षं रोज करत होतो ते काम, स्वतःच्या तक्त्यावर पहिल्यांदाच. कुठून आलेल्या अर्जाला किती बोलावणी, इतकंच मांडून बघितलं. तोवर 240 ओळी भरल्या होत्या. त्यांतल्या 229 ओळींत ‘कोणामार्फत’ या रकान्यात मी ‘पोर्टल’ लिहिलं होतं किंवा काहीच लिहिलं नव्हतं. उरलेल्या अकरा ओळींत माणसाचं नाव होतं. आणि एकूण नऊ मुलाखतींपैकी सहा त्या अकरा ओळींतून आल्या होत्या.

बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो. पहिल्याच संध्याकाळी तो रकाना मीच आखला होता. म्हणजे नोकरी माणसांतून येते हे मला माहीत होतं. मग भरला का नाही?

कारण फोन करायचा तर ‘सध्या काय चाललंय?’ हे आलंच. पहिल्या महिन्यांत मी फोन केले नाहीत, कारण नोकरी मिळाल्यावरच सांगू असं ठरवलं होतं. सहाव्या महिन्यानंतर केले नाहीत, कारण इतके दिवस सांगितलं नाही ते आता कसं सांगायचं. वर्षानंतर तर लोक समोरून दिसले तरी मी रस्ता बदलायचो. एका लग्नाला पोट बिघडल्याचं सांगून गेलो नाही. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर गप्प राहिलो, मग बाहेर पडलो. ज्या दोन-चार जवळच्या मित्रांना सगळं माहीत होतं ते माझ्यासाठी जीव टाकत होते, पण त्यांना ठाऊक असलेल्या जागा मलाही ठाऊक होत्या. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये हेच दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं खबर दिली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता? नेहमी भेटणारा, असं सहातल्या एकानंच सांगितलं. बाकीच्यांच्या बाबतीत अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा. दूरच्या ओळखीची माणसं वेगळ्या वर्तुळात फिरतात, त्यांच्या कानावर वेगळं पडतं. आणि मी नेमकी तीच माणसं एकेक करून तोडत आणली होती. खंड सीव्हीत होताच, त्याहून मोठा मी फोनच्या यादीत पाडला होता.

यादी काढली. सतरा वर्षांत ज्यांच्याशी कामानिमित्त बोलणं झालं अशी 64 नावं. कागदाचे पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाले, ग्राहकांकडचे स्टोअरकीपर, ऑडिटला येणारे. रोज दोन फोन असं ठरवलं. पहिल्या फोनच्या आधी मी पंधरा मिनिटं वाचनालयाच्या जिन्यात उभा होतो. काय बोलायचं ते कागदावर लिहिलेलं, ‘नोकरी द्या’ हे त्यात कुठेच नव्हतं. ‘युनिट बंद झाल्यापासून मी शोधतोय. तुम्ही चार प्लांटमध्ये जाता. प्लॅनिंगमध्ये कुणाची ओढाताण चाललेली दिसली तर मला सांगाल का?’

तिघांनी उचलला नाही. एकानं ‘बघतो’ म्हणून तोंडदेखलं सांगितलं. बाकीचे जवळपास सगळे नीट बोलले, आणि अनेकांनी एकच गोष्ट विचारली, ‘अहो, मग आधी का नाही फोन केलात?’ एक जण म्हणाला की त्याची स्वतःची मध्ये चौदा महिने नोकरी नव्हती. चौदा महिने! आम्ही त्या काळात दोनदा भेटलो होतो आणि दोन्ही वेळा त्यानं मला ‘एकदम मजेत’ सांगितलं होतं. मीही त्याला तेच सांगितलं होतं बहुतेक.

एकतिसावा फोन ज्याला केला, तो शाईचा पुरवठादार. हा मला सगळ्यात अवघड. माल उशिरा आला म्हणून मी एकदा त्याला भर मीटिंगमध्ये उभं-आडवं बोललो होतो, त्याचं पेमेंटही अडवलं होतं. तो म्हणाला, ‘साहेब, तुमच्याइतका छळ मला कुणी केला नाही. पण तुमचं शेड्युल कधी चुकलं नाही, हेही खरं. एक जण आहे, त्याच्याकडे रोज बोंबाबोंब असते. नंबर देऊ?’

तो नंबर म्हणजे 258 वी ओळ. मध्ये अडीच महिने गेले, तीन फेऱ्या झाल्या. दोन वेळा ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ झालं आणि मी सवयीनं आणखी पाच अर्ज टाकले. पडताळणीच्या वेळी मी आधीच पावत्यांची फाइल पुढे केली, आणि शाईवाल्यानं लेखी दिलं की हा माणूस अमुक वर्षांपासून तिथे होता, मी स्वतः त्याच्या शिव्या खाल्ल्या आहेत. शेवटचं वाक्य त्यानं फोनवर सांगितलं, पत्रात नसावं.

पद एक पायरी खाली आहे. पगार सातव्या आठवड्यात नाकारलेल्या त्या नोकरीपेक्षाही थोडा कमीच. पहिल्या दिवशी साडेसहालाच पोचलो आणि गेटवर पाऊण तास उभा राहिलो. पहिले काही आठवडे दुपारी अडीचच्या सुमारास प्रचंड झोप यायची. एकवीस महिन्यांत अंगाला दुपारची सवय लागली होती. कुणी साधं ‘जरा केबिनमध्ये या’ म्हटलं की पोटात गोळा यायचा, अजूनही येतो. बायको आता पुन्हा विचारते, ‘आज काही विशेष?’ आणि मी सविस्तर सांगतो, कोणतं मशीन बंद पडलं, कुठला ट्रक अडकला, नको तितकं. ती ऐकून घेते.

64 पैकी 33 फोन करायचे राहिले होते. ते आता आठवड्याला एक असे करतोय. काही काम नसतं. लोक आधी गोंधळतात, बोला काय हवंय म्हणतात.

नोकरीला लागून चार महिने झाले तेव्हा, शिफ्ट बदलायच्या वेळी, मोबाइलवर एक ईमेल आला. 112 व्या ओळीतल्या कंपनीचा. आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला, परंतु या वेळी आपली निवड होऊ शकत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी तो अर्ज करून सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. जवळच्या ऑपरेटरनं विचारलं, ‘काय झालं सर, हसताय का?’ घरी आल्यावर ‘शोध’ उघडली आणि ‘उत्तर’ या रकान्यात तारीख घालून नोंद करून टाकली.